तापीवरचे पितळी स्क्रू

लोखंड गंजते आणि पितळ गंजत नाही, एवढ्याच ज्ञानावर विसंबून मी बारा स्क्रू बनवले. त्या बारा स्क्रूंपायी एका म्हाताऱ्या नावाड्याचा घाट सुटण्याची वेळ आली. चूक माझी होती. ती कशी झाली आणि कशी निस्तरली, तेवढे लिहितो.

मी अमळनेरच्या एका तेलगिरणीत फिटर होतो. बॉयलर, घाणे, पंप आणि लेथ माझ्याकडे असत. गिरणीच्या मालकांची परवानगी होती, म्हणून लोकल बोर्डाची किरकोळ कामेही मी करीत असे. तापीच्या एका घाटावर बोर्डाची एक मोठी नाव आणि एक हलकी होडी होती. पावसाळ्यात मोठी नाव चालवता येत नसे. टपालाची थैली, डॉक्टर आणि अडलेली माणसे तेव्हा हलक्या होडीने पलीकडे जात. जळगावच्या एका कापूस-व्यापाऱ्याने मुंबईच्या गोदीतल्या लिलावात होडीच्या पाठीमागे टांगायचे एक छोटे इंजिन घेतले आणि ते घाटाला भेट दिले. इंजिन चांगले होते, पण समुद्रात वापरलेले होते. त्याचे लोखंडी स्क्रू खाऱ्या पाण्याने इतके खाल्ले होते की स्क्रू-ड्रायव्हर लावताच त्यांची डोकी तुटून पडत.

युद्ध सुरू झालेले होते. परदेशातून सुटे भाग येणे थांबले होते. बोर्डाचे ओव्हरसियर जळगावहून आले आणि म्हणाले, "मिस्त्री, स्क्रू इथेच करावे लागतील. कशाचे कराल?"

"पितळेचे," मी म्हणालो.

"टिकतील?"

"इंजिन संपेल. स्क्रू संपणार नाहीत."

हे वाक्य मी विचार न करता बोललो असे नाही. मला त्याची पूर्ण खात्री होती. खानदेशात कुणालाही विचारले असते तरी त्याने हेच सांगितले असते. आमच्याकडे पाण्याचा तांब्या, हंडा, घागर, देवाची उपकरणी, सारे तांब्या-पितळेचे. ते पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात राहते आणि घासले की पुन्हा नवे होते. पाण्याशी संबंध आला की पितळ, हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. मी धुळ्याहून पितळी सळई आणली, लेथवर बारा स्क्रू आटे पाडून काढले आणि इंजिनाच्या खालच्या टोकाला असलेल्या गिअरच्या पेटीवर बसवले. ही पेटी सदैव पाण्यात बुडालेली असते. ती अ‍ॅल्युमिनियमची होती.

घाटावरचा नावाडी साठीच्या पुढचा होता. सगळे त्याला आबा म्हणत. तीन पिढ्या तो घाट त्याच्या घराकडे होता आणि बोर्डाने त्यालाच होडीवर नेमले होते. इंजिन चालवायला तो आठ दिवसांत शिकला. आमचे मतभेद एकाच गोष्टीवर झाले. पंख्याला फिरवणाऱ्या दांड्यात पितळेची एक बारीक पिन असते. पंखा कशात अडकला की ती मोडते. आबाच्या दोन मोडल्या, तेव्हा तो गिरणीत आला.

"भाऊ, ही पिन भलती नरम शे. पोलादनी करी दे ना."

"आबा, पंखा वाळूत रुतला तर काय मोडावे? पिन की आतले गिअर?"

"काहीच मोडाले नको."

"तसे इंजिन अजून कुणी केलेले नाही."

"मंग तू कर. तू फिटर शे ना?"

मी त्याला पितळेच्या दहा पिना करून दिल्या. त्याने त्या पान-तंबाखूच्या चंचीत ठेवल्या. पिन मोडली की तो होडी काठाला लावी, चंची सोडी, नवी पिन ठोके आणि चालू लागे. पिनेबाबत माझे बरोबर होते, हे आजही सांगतो. पिन मोडण्यासाठीच असते आणि तिथे नरम पितळच हवे. पण एका जागी पितळ बरोबर ठरले म्हणून मला ते सगळीकडे बरोबर वाटू लागले.

पहिला पावसाळा निर्विघ्न गेला. दुसऱ्या वर्षी कार्तिकात, नदीला अजून बरेच पाणी असताना, भर दुपारी होडी मध्यावर असताना गिअरची पेटी उघडली. आतले तेल पाण्यात गेले, गिअर अडकले आणि इंजिन थांबले. होडी मैलभर वाहत जाऊन एका वाळूच्या बेटाला लागली. कुणाला इजा झाली नाही. परंतु होडीत बोर्डाचे एक सभासद होते. ते दोन तास त्या बेटावर उन्हात बसले. तिथून सुटका होताच त्यांनी जळगावला कळवले की नावाडी म्हातारा झाला आहे, त्याने इंजिन दगडावर आपटले, त्याला काढून दुसरा नेमावा.

चौथ्या दिवशी आबा बैलगाडीत इंजिन घालून गिरणीत आला. बरोबर त्याची बायको होती. तिला आम्ही अक्का म्हणत असू. ती गाडीतून उतरली नाही. इंजिनावर हात ठेवून बसली होती.

"मी दगडले लावं नही, भाऊ," आबा म्हणाला. "नदीना बठ्ठा दगड माले वळखतस."

मी इंजिन बाकावर घेतले. पेटीवर दगडाचा ओरखडा नव्हता, खोक नव्हती, पंख्याची पातीही सरळ होती. नंतर स्क्रू पाहिले. चार गळून गेले होते. उरलेले आठ सोन्यासारखे चमकत होते. त्यांच्यावर एक डाग नव्हता. मी एकाला स्क्रू-ड्रायव्हर लावणार तोच तो बोटानेच बाहेर आला. त्याच्यामागून भोकातून पांढरी भुकटी सांडली, चुन्यासारखी. पेटीत स्क्रूने धरायचे आटे उरलेच नव्हते. पितळ शाबूत होते आणि त्याच्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम कुजले होते.

आबाने ती भुकटी चिमटीत घेतली. "पितळ तं सडत नही," तो म्हणाला.

"पितळ सडलेले नाही. पितळेने शेजाऱ्याला खाल्ले."

अक्का तेव्हा गाडीतून उतरली. तिने एक स्क्रू हातात घेतला आणि म्हणाली, "हाई तं मी घासेल शे. कसं चमकी ऱ्हायनं, दखा ना."

"कशाने घासता, अक्का?"

"चिच, मीठ आनि राख. दर अमुशाले घासस. खंडेनवमीले तं दोनदा. देवना तांब्या घासस तसंच."

हे ऐकून मला काय वाटले ते प्रामाणिकपणे लिहायला हवे. मला सुटल्यासारखे वाटले. चिंचेचे आम्ल आणि मीठ! ते भेगांत राहिले आणि त्याने पेटी खाल्ली. म्हणजे स्क्रू दोषी नव्हते. दोष एका बाईच्या घासण्याचा होता आणि तो सांगितला तर कुणाची नोकरीही जाणार नव्हती, असे मी मनाशी म्हटले. ते खोटे होते. आबाच्या बायकोने बोर्डाचे इंजिन बिघडवले असा शेरा पडता, तर घाट दुसऱ्याच दिवशी गेला असता.

त्या संध्याकाळी गिरणी सुटायच्या आधी मी बॉयलरच्या खोलीत गेलो. आमच्या बॉयलरच्या पोटात जस्ताची एक पाटी टांगलेली असे. दर वर्षी ती मोहोळासारखी पोखरून निघे आणि मी नवी टांगत असे. पाटी खाल्ली जाते म्हणून बॉयलरचे लोखंड वाचते, हे मला ठाऊक होते. दहा वर्षे मी ती पाटी बदलत होतो. परंतु ते ज्ञान बॉयलरच्या पोटातून मी कधी बाहेर काढले नव्हते. दोन धातू ओल्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. कोणता धातू गंजतो हा प्रश्न अपुरा आहे. कोणाच्या शेजारी कोण बसणार, हे आधी विचारायला हवे होते.

बिघाड कशाने झाला यावर बोर्ड माझा शेरा मागणार होते, पण तो मला अंदाजावर लिहायचा नव्हता. मी काचेचे तीन पेले घेतले आणि तिन्हींत तापीचे पाणी भरले. फुटक्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याच्या तीन पट्ट्या कापल्या. पहिल्या पट्टीत पितळी स्क्रू बसवला आणि तिला दुसरे काही लावले नाही. दुसरीतही पितळी स्क्रू, पण ती अक्काच्या पद्धतीने चिंच-मिठाने घासून. तिसरीत लोखंडी स्क्रू बसवला, त्याच्यावर जस्ताचा मुलामा चढवून. पेले खिडकीत ठेवले आणि तीन आठवडे त्यांना कुणाचा हात लागू दिला नाही.

दुसऱ्या पेल्यात आठ दिवसांतच पांढरा साका बसला. पहिल्या पेल्यात वेळ लागला. पण तिसऱ्या आठवड्यात त्याही पितळी स्क्रूभोवती पांढरे कडे उमटले. चिंच नव्हती, मीठ नव्हते, तरीही उमटले. तिसऱ्या पेल्यातला स्क्रू मळका, करडा दिसत होता. त्याची पट्टी मात्र स्वच्छ होती.

म्हणजे अक्काच्या घासण्याने काम लवकर झाले एवढेच. ती न घासती, तरी पेटी उशिरा का होईना उघडलीच असती.

ओव्हरसियर तक्रारीच्या चौकशीला गिरणीत आले, तेव्हा आबा तिथेच होता. ते सज्जन होते, पण त्यांना काम लवकर संपवायचे होते. त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला.

"दगडाला लागले, एवढे लिहा. एक ओळ. खाली सही."

"दगडाला लागलेले नाही."

"अहो, याने सात पिना मोडल्या आहेत. पिन कशाने मोडते? आपटल्याशिवाय?"

"पंखा वाळूत रुतला तरी मोडते. तिचे कामच ते आहे. सात पिना मोडल्या आणि गिअरचा एकही दात तुटला नाही, म्हणजे याने इंजिन सांभाळले."

आबा मध्येच बोलला. "सात नही, रावसाहेब. नऊ."

ओव्हरसियरांनी त्याच्याकडे पाहिले. "तुझ्या बाजूने बोलताहेत ते. गप्प बस."

"खोटं कशाले बोलू? सात मोडन्यात, दोन तं मनाच हातथीन पानीमा पडन्यात."

मी पेले बाकावर मांडले आणि काय केले ते सांगितले. त्यांनी पहिला पेला उचलून उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि खाली ठेवला. मग दुसरा उचलला.

"यात चिंच-मीठ म्हणता? हे तर बघवत नाही. मग हेच लिहा ना. स्क्रू तुम्हीच सुचवले होते. गिरणीत तुमचा मान आहे. स्वतःच्या नावाला कशाला डाग लावून घेता?"

"चिंचेने वेग वाढला. कारण पहिल्या पेल्यात आहे."

"पहिल्या पेल्यात काहीच दिसत नाही."

"चष्मा लावून पाहा."

त्यांनी चष्मा लावला. पुन्हा पाहिले आणि पेला जपून बाकावर ठेवला.

मी कागद ओढून घेतला आणि लिहिले: पेटीचे स्क्रू पितळेचे बसवणे ही फिटरची चूक आहे, अ‍ॅल्युमिनियमला पितळ टेकवू नये, नावाड्याकडून निष्काळजीपणा झालेला नाही. खाली सही केली. चुकीचा स्क्रू काढावा लागतो, तसे चुकीचे वाक्यही काढावे लागते.

ओव्हरसियरांनी कागद घडी करून खिशात घातला. "पुढचा पूर येईपर्यंत घाट याच्याकडे राहू देतो. श्रावणात मी स्वतः होडीत बसेन. तेव्हा पेटी उघडली तर मी कुणाचेच ऐकणार नाही. आणि आता स्क्रू कशाचे करणार? न गंजणारे नवे पोलाद निघाले आहे म्हणतात."

"निघाले आहे. अमळनेरात ते डॉक्टरांच्या कात्रीत आहे. कात्रीचे बारा स्क्रू होत नाहीत."

ते प्रथमच हसले.

त्या हिवाळ्यात मी प्रत्येक बारीक भागाचा वेगळा विचार केला. आबा दर आठवड्याच्या बाजाराला अमळनेरला आला की गिरणीत डोकावे आणि काहीतरी सुचवी.

"कल्हई कर ना लोखंडले. भांडाले करतस तशी."

"कल्हईला ओरखडा पडला की खालचे लोखंड दुप्पट वेगाने गंजते. जस्ताला ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते."

"म्हंजे जस्त म्हंजे थोरला भाऊ."

"समजायला तेवढे पुरे."

मी मऊ पोलादाचे स्क्रू केले. तेजाबात धुतले, नवसागर लावला आणि वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. जस्त म्हणजे बॉयलरमधून काढलेल्या जुन्या पाट्यांचे उरलेले तुकडे. पेटीची कुजलेली भोके मोठी करून स्वच्छ धातूपर्यंत नेली आणि नवे आटे पाडले. स्क्रूच्या डोक्याखाली घालायला चामडे हाताशी होते, ते मी नाकारले, कारण कमावताना त्यात मीठ मुरते. त्याऐवजी गिरणीच्या जुन्या पट्ट्याच्या कॅनव्हासच्या चकत्या कापून मेणात भिजवल्या. प्रत्येक आट्याला जस्ताची पांढरी भुकटी जवसाच्या तेलात खलून लावली, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. पंख्याची पिन मात्र पितळेचीच ठेवली. ती दर थोड्या दिवसांनी काढली जाते, तेव्हा तिच्या आजूबाजूला काय चालले आहे हे दिसते. शेवटी जस्ताचा सुपारीएवढा एक तुकडा पेटीच्या बाहेर घट्ट बसवला.

त्या तुकड्यावरून घोळ झालाच. फाल्गुनात मी इंजिन घाटावर नेले, तेव्हा आबाने त्यावर हिरवा रंग लावायला घेतला होता. ब्रश त्याच्या हातातून काढून घ्यावा लागला.

"बठ्ठा इंजिन हिरवा आनि हाऊ एकलाच उघडा? लोक हासतीन."

"रंगवला तर तो काम करणार नाही. त्याला झिजायचे आहे."

मग मी अक्काकडे वळलो. तिला सांगणे सर्वांत अवघड होते, कारण तिने चूक केलेली नव्हती. तिने त्या यंत्राला घरातल्या चांगल्या वस्तूसारखे वागवले होते.

"अक्का, आता चिंच नको. मीठ नको. राखही नको."

"मंग अमुशाले काय करू? पारोसंच ठेवू का त्याले?"

"साध्या पाण्याने आंघोळ घाला. कोरड्या फडक्याने पुसा. वर जवसाचे तेल लावा."

"म्हंजे बाळंतीनसारखं."

"तसेच समजा."

"आनि नारळ?"

"नारळ फोडा. पाणी त्याच्यावर शिंपडू नका."

"मंग पानी तुम्हीच पेवा," ती म्हणाली आणि फडके शोधायला आत गेली.

श्रावणात नदी भरली. ओव्हरसियर ठरल्याप्रमाणे आले. पाणी गढूळ होते, त्यात झाडांच्या फांद्या वाहत होत्या. आबाने त्यांना पुढे बसवले, मला मध्ये आणि टपालाची थैली आमच्या पायांजवळ. आम्ही पलीकडे गेलो आणि परत आलो, असे तीन वेळा. दुसऱ्या फेरीत पंख्यात वेल अडकली आणि पिन मोडली. आबाने पंधरा-वीस हात होडी वाहू दिली, एका वळणावर शांत पाण्यात घेतली, पिन बदलली आणि पुन्हा धार पकडली. ओव्हरसियरांनी तेवढा वेळ होडीची कड धरून ठेवली होती.

"हे नेहमी होते?" त्यांनी विचारले.

"पाऊसमा हाईच चालस, रावसाहेब. तुम्ही धरी बसा."

मी पेटी त्या दिवशी उघडली नाही. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, असे ओव्हरसियरांना स्पष्ट सांगितले. संपूर्ण पावसाळा आबाने इंजिन चालवले. भाद्रपदाच्या अखेरीस ओव्हरसियर पुन्हा आले आणि घाटावरच, त्यांच्यासमोर, मी बारा स्क्रू काढले. प्रत्येकाला जोर लावावा लागला. आतले तेल काळे होते. पाणी शिरले असते तर ते दुधासारखे झाले असते. आटे धारदार होते. पेटीवर कुजल्याची पांढरी भुकटी नव्हती. बाहेरचा जस्ताचा तुकडा मात्र पोखरून निम्मा झाला होता. ओव्हरसियरांनी तो बोटाने चाचपला.

"हा खराब झाला."

"तो खराब होण्यासाठीच होता. दिवाळीनंतर नवा देईन."

त्यांनी होडीच्या कडेवर कागद ठेवून हुकूम लिहिला, सही केली आणि तो आबाला दिला. आबाने तो उलटसुलट पाहून माझ्या हाती दिला. त्याला वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले: सदर घाट आणि होडी पूर्वीप्रमाणे चालू नावाड्याकडे राहावी; त्याच्याविरुद्धची तक्रार काढून टाकण्यात येत आहे.

"फिरी वाच," आबा म्हणाला.

मी पुन्हा वाचले. त्याने कागद घेऊन अक्काच्या हाती दिला. तिने तो पदराच्या टोकात बांधला. तोवर मी पेटी बंद करून स्क्रू आवळत आणले होते. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारत होते, दोन माणसे आणि एक शेळी. आबाने विचारले, "झायं का?" शेवटचा स्क्रू बसला होता. मी बाजूला झालो. त्याने होडी पाण्यात लोटली.